तिसरा गिअर कधी टाकायचा

"गाडी तुझी, रस्ता माझा. आता चालव," असं म्हणून शेडगे मामा माझ्या शेजारच्या सीटवर बसले आणि त्यांनी दार असं ओढलं की आरसा थरथरला.

कुंभार्ली घाटाचा पायथा. रविवारची सकाळ, टपरीवर चहा झालेला, आणि इथून पुढे सगळा चढच. धोंडीराम शेडगे म्हणजे कराड–चिपळूण एसटीचे ड्रायव्हर. उभी नोकरी त्यांनी याच घाटात काढली होती आणि अंगावर एक अपघात नव्हता. मामा मी त्यांना तोंडदेखलं म्हणत होतो. खरं तर ते अजून माझे कोणीच नव्हते. ते माझे सासरे व्हावेत म्हणून मी त्यांना पाटणहून गाडीत घालून खाली आणलं होतं, आणि चेहऱ्यावरून तरी ते न होण्याची सगळी तयारी करूनच ते घरून निघाले होते.

त्यांची मुलगी शुभदा पाटणच्या शाळेत गणित शिकवायची. मी कराडचा, वडिलांच्या लेथच्या वर्कशॉपमध्ये काम करणारा. आमचं आम्ही ठरवलं होतं. घरात सांगायची वेळ आली तेव्हा तिने मला स्वच्छ बजावलं की आण्णा, म्हणजे तिचे वडील, नाही म्हणाले तर ती भांडेल, रडेल, जेवण सोडेल, पण पळून येणार नाही. म्हणजे सगळं या एका माणसाच्या होकारावर येऊन ठेपलं होतं. आणि हा माणूस मुलगा बघताना शिक्षण, पगार, पत्रिका यातलं काही विचारत नसे. तो मुलाच्या शेजारी बसून घाट चढत असे.

माझ्याआधी दोघांचा असा निकाल लागला होता. साताऱ्याचा एक बँकेतला मुलगा नवीकोरी गाडी घेऊन आला. तो चढावर क्लचवरून पाय काढेना. मामांनी घरी येऊन सांगितलं की ज्याचा पाय क्लचवरून निघत नाही त्याला स्वतःचाच भरवसा नाही, त्याच्या भरवशावर आपण पोरगी कशी द्यायची. दुसऱ्याने प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवला. तो तर चहालाही थांबवला गेला नाही.

मामांचं गाडी चालवण्याचं शास्त्र एका वाक्याचं होतं. इंजिन ओरडलं म्हणजे ड्रायव्हर चुकला. त्यांच्या घरात देवांच्या तसबिरींच्या रांगेतच डिझेल बचतीचं प्रशस्तिपत्र फ्रेम करून लावलं होतं, आणि माझा असा संशय आहे की उदबत्ती दोघांनाही ओवाळली जायची. बस हलली की लगेच दुसरा, पाठोपाठ तिसरा, आणि मग घुर्रर्र करत संथ चढायचं. भरलेल्या बसमधली झोपलेली माणसं घाटमाथ्यावर येईपर्यंत जागी होत नसत, असं डेपोत सगळे सांगायचे.

आणि माझी गाडी होती नेमकी उलट्या स्वभावाची. दोन सीटची जुनी परदेशी स्पोर्ट्स कार. कोणाच्या तरी गोठ्यात कडब्याखाली पडली होती, ती उचलून आणून मी वर्कशॉपमध्ये उभी केली होती, आणि घाट चढायच्या शर्यतींत तिच्यावर एकदा तिसरा क्रमांकही काढला होता. तिचं इंजिन लहान. खालच्या फेऱ्यांत ते आजारी माणसासारखं कण्हायचं. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा चार हजारांच्या पुढे गेला की त्याला खरा दम यायचा आणि साडेसहा हजारांपर्यंत तो टिकायचा. अशा गाडीत गिअर कधी बदलायचा याचं उत्तर आत्ता इंजिन किती ओरडतंय यात नसतं. गिअर बदलल्यावर काटा खाली पडतो. तो पडून कुठे थांबणार, आणि तिथे इंजिनात ओढायला जीव असणार का, हे आधी बघायचं असतं. आमच्या गाडीचा आकडा होता सहा हजार तीनशे. तिथे दुसऱ्यातून तिसरा टाकला की काटा बरोबर चार हजारांवर यायचा आणि गाडी न अडखळता पुढे पळायची. अडीच हजारांवरच तिसरा टाकला तर सगळं मुसळ केरात.

हे सगळं मला पाठ होतं. पण त्या सकाळी निघताना माझ्या आईने डोक्यावरून हात फिरवत सांगितलं होतं, "त्यांच्या कलाने घे रे जयवंता." आणि मीही तेच ठरवलं होतं. एक घाट तर चढायचा. गाडी कण्हली तर कण्हू दे, पोरगी तर मिळेल.

म्हणून मी पहिल्यात हललो, लगेच दुसरा टाकला, आणि काटा अडीच हजारांवर जातो न जातो तोच तिसरा. इंजिन गुरगुरलं, गाडीला गचके बसले, बॉनेट हलायला लागलं. मामांनी समोर बघत नुसतं "हं" केलं. मला वाटलं जमलं. पहिलं वळण आलं, दुसरं आलं. वळणात वेग पडायचा आणि मग गाडी अशी काही कुथायची की मलाच तिची दया यायची. गिअरच्या दांड्यातून हातात मुंग्या येत होत्या. तिसऱ्या वळणावर तर मागून आलेली जीप हॉर्न मारत आम्हाला मागे टाकून गेली. आतल्या बायकांनी लाल स्पोर्ट्स कारकडे बघून पदर तोंडाला लावले. मी तेही गिळलं.

मामा अधूनमधून विचारत होते. तेल कधी बदललं, ब्रेकचे लायनर कुठले, शर्यतीत किती माणसं मरतात. मी सगळ्याला नम्रपणे उत्तरं देत होतो. शर्यतीत कोणी मरत नाही म्हणालो. ते म्हणाले, त्यांच्याही घाटात कोणी मरत नसे, लोकच घाईने मरतात. मी त्यालाही मान हलवली. खरं सांगायचं तर ते त्या वेळी पूर्वेला दक्षिण म्हणाले असते तरी मी मान हलवली असती.

मग पुढे एक भरलेला ट्रक लागला. वाळूचा असावा, कारण मागून पाणी गळत होतं. धापा टाकत, जवळजवळ आमच्याच वेगाने चढत होता. बराच वेळ आम्ही त्याच्या धुरात राहिलो. एक सरळ तुकडा आला, वरच्या वळणापर्यंत रस्ता मोकळा दिसत होता, आणि ट्रकवाल्याने खिडकीतून हात बाहेर काढून आम्हाला जा म्हणून खूण केली. जाण्याजोगी जागा होतीच. माझ्या पद्धतीने गेलो असतो तर ट्रक कधी मागे पडला ते कळलंही नसतं.

मी दुसऱ्यात होतो. उजवीकडे घेतलं, आणि घेता घेताच मामांना बरं वाटावं म्हणून तिसरा टाकला.

गाडी ट्रकच्या मागच्या चाकापर्यंत आली आणि तिथेच अडकली. मी पाय तळापर्यंत दाबला होता. काटा अडीच हजारांवर थरथरत होता आणि पुढे सरकायचं नाव घेत नव्हता. डावीकडे माझ्या डोक्याइतकं उंच ट्रकचं चाक. आणि तेवढ्यात वरच्या वळणातून लाल एसटी बाहेर आली, आमच्याच बाजूला, उतारावर.

मागे पडावं तर पाठीमागे आणखी एक गाडी चिकटून आलेली. मी गिअरच्या दांड्यावर हात नेला तेव्हा मामा पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

"दुसरा टाकू नको. इंजिन फुटंल."

मी दुसरा टाकला. काटा एकदम चार हजारांवर उडाला, इंजिनाने गळा मोकळा सोडला आणि गाडी ट्रकच्या बाजूने सुटली. पाच हजार, सहा हजार. इंजिनाचा आवाज डोंगरावर आदळून परत येत होता. ट्रकचं तोंड मागे गेल्यावर मी डावीकडे घेतलं, आणि एसटी आमच्या शेजारून गेली. घाबरण्यासारखं तेव्हा काही उरलं नव्हतं, मधे पुरेशी जागा होती. पण एसटीच्या ड्रायव्हरने आत बसलेले मामा ओळखले. सलामासाठी खिडकीबाहेर काढलेला त्याचा हात तसाच वर राहिलेला मी आरशात बघितला.

पुढे रुंद जागा आली तिथे मी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. मला स्वतःचाच इतका राग आला होता की पोरगी मिळेल का नाही हा विचार तेवढ्यापुरता डोक्यातून निघूनच गेला. मामांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"मामा, चूक माझी झाली," मी म्हणालो. "पण दुसरा टाकला ही चूक नव्हे. तिसरा टाकला ती. ही तुमची बस नाही. तुमच्या बसला खाली दम आहे, हिला वर आहे. हे मला ठाऊक होतं, तरी तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी पायथ्यापासून चुकीच्या गिअरमध्ये चालवत आलो. त्यापायी आत्ता दोघेही गेलो असतो. आता माथ्यापर्यंत मी माझ्या पद्धतीने चालवणार. ती ओरडेल. तुम्हाला नको असेल तर इथे उतरा, मागून तुमची एसटी येईलच."

बोलून गेलो आणि मग कळलं की आपण काय बोलून बसलो. संपलं, असं मनात म्हटलं. शुभदाला काय सांगायचं याची वाक्यंसुद्धा जुळवायला लागलो. मामा उतरले नाहीत. त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि हाताने पुढचा रस्ता दाखवला.

मग मी चालवली. आता गमवायला काहीच नव्हतं, त्यामुळे फार छान चालवली. पहिला साडेसहापर्यंत, दुसरा सहा हजार तीनशेपर्यंत, आणि दांडा तिसऱ्यात टाकला की काटा चार हजारांवर अलगद उतरायचा, गाडीचा दम तुटायचा नाही. दोन वळणांमध्ये अंतर थोडं असेल तिथे मी तिसऱ्याच्या नादाला लागलो नाही. दुसऱ्यातच ओरडत नेली, कारण वर चढवून लगेच खाली उतरवण्यात गाडीचाही वेळ जातो आणि ड्रायव्हरचाही. वेग फार नव्हताच. घाटात वेग लागत नाही, ओढ लागते. बॉनेट हलायचं थांबलं होतं. मघाशी आम्हाला मागे टाकून गेलेली जीप पुढे लागली आणि मोकळ्या रस्त्यावर मागेही पडली. या खेपेला पदर खाली आले होते.

घाटमाथ्यावर थांबलो. वारा होता. मामा खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारून आले, वाकून खाली तेल गळतंय का बघितलं. मग दगडावर बसले आणि मलाही बसायला सांगितलं.

"तुला न्हाई म्हणायचंच ठरवून आलतो मी," ते म्हणाले. "ट्रकापतूर तर पक्कं झालतं."

मी म्हणालो, "पण मामा, ट्रकपर्यंत तर मी तुमच्या मनासारखी चालवत होतो."

"म्हणून तर." ते समोर कोयनेच्या बाजूला बघत होते. "माझ्या घरात समदी माझ्या मनासारखीच चालत्यात. बायको चालती, दोन्ही पोरं चालत्यात. मी चुकलो तरी माना हलवत्यात. तोंडावर न्हाई म्हणणारी घरात एकटी ती हाय. अशा पोरीला मान हलवणारा नवरा करून दिला तर तिनं जल्मभर बोलायचं कुणासंग? आज माझ्याम्होरं हलवलीस, उद्या आईम्होरं हलवशील. मधल्यामधी माझी पोरगी."

मला सकाळचं आईचं बोलणं आठवलं. त्या माणसाला माझ्या घरातलं काही ठाऊक नव्हतं, तरी त्याने बोट नेमकं ठेवलं होतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "गिअर अमक्या जागीच टाकायचा, हे कुणी काढलं? तुझं तू?"

मी चाचरलो. खरं सांगितलं तर शुभदा अडकत होती. पण एकदा खरं बोलून बघितलं होतं आणि ते अंगाशी आलं नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, "तिनंच काढलं न्हवं? रविवारी मैत्रिणीकडं पेपर तपासाय जाती म्हणायची. पेपर तपासून पोरीच्या केसांना पेट्रोलचा वास येतोय व्हय?"

मग मी सगळं सांगून टाकलं. सांगताना अंगावरचं ओझं उतरत गेलं. मसूरच्या सरळ रस्त्यावर दोन मैलांच्या दगडांमध्ये आम्ही गाडी पळवायचो. मी वेगवेगळ्या जागी गिअर बदलायचो आणि ती मनगटावरचं घड्याळ बघायची. मला वाटायचं जितकं जास्त ओरडवावं तितकं बरं. ती म्हणायची, तू आवाज ऐकू नकोस, काटा पडून कुठे थांबतो ते बघ. गिअरचे दात मोजून, गणित मांडून, सहा हजार तीनशे हा आकडा तिनेच काढला होता. त्या शर्यतीतला तिसरा क्रमांकही खरा तिचाच.

मामा म्हणाले, "लहान असताना माझ्या केबिनात बसून चिपळूणपतूर यायची. आण्णा, आता बदला, आता बदला, म्हणायची. मी म्हणायचो गप बस." त्यांनी नाक पुसलं. वाऱ्याने असेल, असं मी तेव्हा समजलो. आता तसं समजत नाही. "दे चावी."

मी चावी दिली. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले तेव्हा त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. निघाले ते सवयीप्रमाणे, पहिला घातला आणि लगेच हात दांड्याकडे. मी म्हणालो, "अजून नाही, मामा." हात थांबला. "अजून नाही." इंजिन चढत होतं, त्यांचा जबडा घट्ट झाला होता, मांडीवर एखादं मूल किंचाळत असावं तसा चेहरा. "अजून नाही. आता."

त्यांनी बदलला. पण कसा, तर जुन्या एसटीत शिकलेला ड्रायव्हर बदलतो तसा. क्लच दाबून गिअर काढला, क्लच सोडला, पुन्हा दाबला, मग पुढचा घातला. आमच्या गाडीला या दुहेरी क्लचची काही गरज नव्हती. गिअर बदलायला त्यांना तिप्पट वेळ लागायचा. या बाबतीत मात्र मी मान हलवली, आणि ती हलवल्याचा मला आजही पस्तावा नाही. हेळवाक मागे पडलं तोवर मला 'अजून नाही' म्हणायची गरज उरली नव्हती. कोयनानगरच्या पुढे तर ते गालातल्या गालात हसत होते आणि ते मला दिसू नये म्हणून उजवीकडे बघत होते. लग्नाचं त्यांनी एकदाच विचारलं, कार्तिकात जमेल का म्हणून. मी हो म्हणालो. माझे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला मीही डावीकडे बघत होतो.

पुढचं शुभदाने सांगितलेलं आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती ते सांगते आणि मी ऐकतो.

ती सकाळपासून अंगणात तांदूळ निवडत बसली होती. निवडून झालेले पुन्हा निवडत होती. पुलाच्या पलीकडून गाडीचा आवाज आला तेव्हा तिने हात थांबवले. चढावर दुसरा गिअर होता आणि इंजिन ओरडत होतं, चार, पाच, सहा हजार, तिच्या कानाला सगळं कळत होतं. आण्णा शेजारी बसलेले असताना मी असं चालवतोय म्हणजे भांडण झालं, नकार मिळाला, आणि आता मी राग गाडीवर काढतोय, असं तिला वाटलं. सूप तिने खाली ठेवलं.

मग इंजिन सहा हजार तीनशेवर आलं आणि गिअर बदलला. बदलताना आवाज मधेच थांबला, पुन्हा आला, पुन्हा थांबला. दोनदा क्लच. असा गिअर बदलणारा एकच माणूस तिने आयुष्यात ऐकला होता.

ती तिथेच तोंडावर हात घेऊन रडायला लागली. तिची आई घाबरून स्वयंपाकघरातून पळत आली, काय झालं म्हणून विचारायला लागली.

"आण्णांनी तिसरा टाकला गं आई," ती म्हणाली. "मी म्हणते तिथं टाकला."